नामाभाऊंचा राखीव शब्द

मी एकदा चैत्रातल्या यात्रेत, भरल्या घाटात, आप्पांच्या घोडीला माइकवरून वारू म्हणालो.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हणालास तर म्हणालास, जुना शब्द आहे, घोड्यालाच म्हणतात. बरोबर आहे. शब्दकोशात वारू म्हणजे घोडा. फार तर तेज, उमदा घोडा. पण आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतींत त्या काळी हा शब्द उच्चारायचा हक्क एकाच माणसाचा होता. तो त्याला कुणी दिला नव्हता, पण होता. त्या माणसाचं नाव नामाभाऊ. आणि मी हा पराक्रम केला तेव्हा नामाभाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर बसून खोकत होते.

नव्वदच्या दशकात वारूळवाडीच्या रस्त्याला माझं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. पाटीवर 'साउंड सर्व्हिस' असं लिहिलेलं. गिऱ्हाइकांचं म्हणणं, त्यातला साउंड कधीमधी मिळतो. माझ्याकडे चार कर्णे होते, त्यांतले दोन रुसलेले असायचे. ॲम्प्लिफायर तापला की रबर जळल्यासारखा वास यायचा, आणि आवाज असा यायचा की बोलणारा माणूस आहे का रेडा हे ओळखू येऊ नये. तरीही शर्यतींना मलाच बोलवायचे, कारण नामाभाऊ म्हणायचे, "त्यालाच बोलवा. त्याचं मशीन बंद पडतं तेवढाच माझ्या घशाला इसावा."

शर्यत होते तो घाट म्हणजे चढाची धाव. गाड्याला चार बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि बैलांच्या पुढे एक घोडी, तिच्यावर स्वार. घोडी जीव खाऊन पळाली तर मागचे बैल पळतात. म्हणून गाडामालकाइतकाच घोडीवाल्यालाही मान. वर निशाणापाशी बांबूचं मचाण, मचाणावर पुकारायला नामाभाऊ आणि मशीनपाशी मी. आम्ही चढलो की कमिटीची माणसं शिडी काढून घ्यायची, नाहीतर अर्धं गाव वर चढून मचाण खाली आणायचं. एकदा आणलंही होतं. त्या खेपेला शिडी काढा म्हणून सांगायला मीच विसरलो होतो. तेव्हापासून सकाळी चढलं की दिवस मावळेपर्यंत उतरायचं नाव नाही. प्यायचं पाणी दोरीने वर यायचं. प्यायलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर कमिटीकडे नव्हतं.

"माइकवाल्या," नामाभाऊ म्हणायचे, "तुरुंगात निदान कोपऱ्यात मडकं तरी ठेवत्यात."

अंगाने काटकुळे, चैत्रातल्या उन्हातही गळ्याला मफलर, खिशात गूळ आणि मिरी. माइक हातात आला की 'हॅलो हॅलो' करायचे नाहीत. बोटाच्या पेराने त्यावर एकदा टकटक करायचे, दार वाजवल्यासारखी, आणि मग जो आवाज निघायचा तो थेट नदीपलीकडे. बैल कुणाचे, घोडी कुठली, तिच्या आईने कुठला घाट मारला होता, सगळं तोंडपाठ. एवढं असून घोड्याला मात्र ते घाबरायचे. लहानपणी एकाने दंडाचा लचका तोडला होता. घोडी मचाणाखालून नुसती गेली तरी पाय वर घेऊन बसायचे.

"भाऊ, तुम्ही कधी बसलात घोड्यावर?" मी विचारलं होतं.

"मी? येडा हाय का काय?"

मचाणावरून उतरलेले नामाभाऊ वेगळेच. नारायणगावच्या बाजारात आप्पांची टोमॅटोची आडत होती, तिथे काट्यावर उभे राहून क्रेट मोजायचे. तिथे त्यांचा आवाज समोरच्या माणसालाही ऐकू जायचा नाही. आप्पा म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार, यात्रा कमिटीचे अध्यक्ष, आणि एका पांढऱ्या घोडीचे मालक. नामाभाऊंचा रानाचा तुकडा आप्पांच्या मळ्याला लागून होता. तुकड्यात वांगी, आणि वांग्यांना पाणी आप्पांच्या विहिरीचं. पाइप जमिनीखालून आलेला, व्हॉल्व्ह आप्पांच्या बांधावर. बोली नाही, करार नाही. आप्पांनी कधीकाळी 'घे रे नामा पाणी' म्हटलं होतं, त्यावर सगळं चाललेलं. नामाभाऊंची बायको हौसावहिनी रोज सकाळी आधी त्या व्हॉल्व्हकडे बघायची आणि मग चहा टाकायची.

तर हा शब्द. नामाभाऊंना तो लहानपणी गावात येणाऱ्या एका गोंधळ्याकडून मिळाला होता. गोंधळी सगळ्या गोष्टीत घोड्याला घोडाच म्हणायचा, आणि राजा संकटात सापडला, चारी वाटा बंद झाल्या, की मगच म्हणायचा, "दारी वारू उभा राहिला." नामाभाऊंच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यांच्या हिशेबी जनावरांच्या तीन जाती. ओढलं तर चालतं ते तट्टू. मारलं तर पळतं ते घोडं. आणि वारू? हे विचारलं की दरवेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले, "ज्याच्यावर बसल्यावर धन्याला कळतं का धनी आपण न्हाय, तो." एकदा म्हणाले, "जो थांबला तरी पळत असल्यागत वाटतो." एकदा नुसतेच म्हणाले, "दिसल्यावर सांगीन."

माझ्या देखत तो त्यांना एकदाच दिसला. भीमाशंकरच्या बाजूचे कोंडिबाबा, भातशेती करणारे म्हातारे, एक मातकट रंगाची घोडी घेऊन आले होते. पोट खपाटीला गेलेलं, खोगिराच्या जागी पोतं. लोक हसले. घोडी सुटली आणि हसू बंद झालं. मध्यावर स्वार पडला. स्वार पडला की घोड्या रान धरतात, पण ही सरळ रेषेत चढत गेली, बैलांच्या पुढे तेवढंच अंतर राखून, जशी काही पाठीवरची अडगळ गेली. निशाण ओलांडलं आणि वळून उभी राहिली, मागून येणाऱ्या बैलांकडे बघत. नामाभाऊंनी माइक तोंडाजवळ नेला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वारू." बस. त्यानंतर इतका वेळ काही बोललेच नाहीत की मला वाटलं माझं मशीन पुन्हा गेलं. मी वायरी हलवत बसलो. खाली कोंडिबाबांना माणसांनी खांद्यावर घेतलं होतं. पुढे त्या घोडीचं शिंगरू बघायला माणसं डोंगर चढून जायची.

बाकी जगात हा शब्द फुकट वाटला जात होता आणि त्याचा नामाभाऊंना मनस्ताप. न्हाव्याच्या दुकानात पेपर उघडला की कुठल्यातरी क्रिकेट संघाचा विजयाचा वारू कुणीतरी रोखलेला. "रोखला तर वारू कसला?" म्हणून ते न्हाव्यालाच धरायचे, तेही निम्मी दाढी झालेली असताना. निवडणुकीच्या सभेला मी कर्णे लावले होते, तिथे उमेदवार म्हणाला, तालुक्यात विकासाचा वारू चौखूर उधळला आहे. नामाभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "लीद तेवढी दिसती रस्त्यात."

आप्पांना हा शब्द हवा होता. आप्पांकडे बाकी सगळं होतं. पांढरी घोडी दिसायला देखणी, झुलीला आरसे, कपाळावर गोंडा. दरवर्षी ती पळायची, बऱ्यापैकी पळायची, आणि दरवर्षी नामाभाऊ माइकवरून तिची अशी काही वाहवा करायचे की काय सांगू. "पांढरी शुभ्र! काय रंग! काय शेपूट! गोंडा बघा मंडळी, गोंडा!" खाली माणसं एकमेकांना कोपरं मारायची. सगळं म्हटलं, ते सोडून. आप्पांनाही ते कळायचं. एकदा आडतीच्या गाळ्यावर, मी बाजूला उभा असताना, त्यांनी नामाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"नामा, शेपटावर किती वर्सं भागवणार?"

"शेपूट लई चांगलं हाय आप्पा."

आप्पा हसले. त्या आठवड्यात व्हॉल्व्हला गंज धरला. आप्पांचा गडी म्हणाला फिरत नाही, पान्हा आणायला माणूस गेलाय. माणूस पान्हा घेऊन येईपर्यंत वांग्यांनी माना टाकल्या. मी नामाभाऊंकडे गेलो तेव्हा हौसावहिनी बांधावर बसून होत्या.

"तुमी तरी सांगा ह्यास्नी," त्या मला म्हणाल्या. "म्हणून टाका म्हणावं एकदाचं. दोन अक्षरं हायेत. दोन अक्षरांपायी रान जाळायचं?"

"दोनच हायेत म्हणून तर," नामाभाऊ म्हणाले.

पान्हा आला, पाणी आलं. पण पुढच्या यात्रेचं नाव निघालं की नामाभाऊंचा हात खिशात जायचा. गूळ तोंडात धरून ठेवायचे, चघळायचे नाहीत. "काय करू सांग," एकदा म्हणाले. "म्हणावं तर थुकल्यागत व्हतंय. न म्हणावं तर घरची बाई उपाशी. आन् वर चढल्यावर शिडी बी काढून नेत्यात."

आणि या एवढ्या नाजूक प्रकरणात मी तोंड घातलं.

त्या वर्षी धूळ फार होती. आप्पांची पळायची बारी आली. नामाभाऊ "पांढरी शुभ्र" इथपर्यंत पोचले आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांनी माइक माझ्या हातात कोंबला. त्याचा अर्थ एवढाच होता की बटण बंद कर. एवढी वर्षं मी तेच करत आलो होतो. पण घोडी सुटली होती. मान ताणलेली, गोंडा कुठेतरी उडून गेलेला, पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नव्हतं. तिला इतकं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातात माइक होता, समोर यात्रा होती, आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत आलेला माणूस.

"आला, आला, वारू आला!" मी ओरडलो.

नेमके त्या दिवशी चारही कर्णे चालू होते.

नामाभाऊंचा खोकला तिथल्या तिथे थांबला. "काय केलंस रं," ते म्हणाले.

"भाऊ, पण काय पळाली!"

"पळाली न्हाय. पळून चालली व्हती. मागं बैल लागल्यात म्हणून. डोळं बघ तिचं."

मी पाहिलं. घोडी निशाणापलीकडे थरथरत उभी होती, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, आणि बैल जवळ आले की स्वाराला घेऊन कुंपणात शिरू बघत होती. हे सगळं मला बोलायच्या आधीही दिसलं असतं.

पण तोवर आप्पांनी फेटा हवेत उडवला होता. भंडाऱ्याने हवा पिवळी झाली. आप्पा माणसं घेऊन मचाणाखाली आले, मान वर करून म्हणाले, "नामा! आलं का न्हाय शेवटी तोंडावर!" माझ्या मशीनची थोरवी ही की, तो आवाज नामाभाऊंचा नव्हता हे यात्रेत एकालाही कळलं नव्हतं. आप्पांच्या मागे, थोडे लांब, कोंडिबाबा उभे होते. तेही वर बघत होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि गर्दीतून चालू लागले.

"मी सांगतो आप्पांना," मी म्हणालो. "मी बोललो म्हणून सांगतो."

"आन् मग? एवढ्या लोकांत त्यांचा फेटा खाली पाडायचा? उद्यापासनं पाणी तुज्या घरनं आणू?"

त्यांनी शिडी कुठे आहे ते पाहिलं. शिडी खाली आडवी पडली होती आणि तिच्यावर माणसं ओळीने बसून कलिंगड खात होती. दोन बाऱ्या पुकारल्याविना गेल्या. लोक शिट्ट्या मारायला लागले. नामाभाऊ गुडघ्यांना मिठी मारून बसले होते, पिंजऱ्यात बसल्यासारखे. मग त्यांनी खिशातून गूळ काढला, तोंडात टाकला, माइक ओढून घेतला आणि टकटक केली.

"ऐका मंडळी. निशाणाजवळ एक लाल मोपेड उभी हाय. ज्याचा कुणाचा तो वारू असंल त्यानं बाजूला घ्यावा."

लोक हसले. मीही हसलो.

पुढची घोडी लंगडत, स्वाराच्या शिव्या खात चढून आली. "आला, आला, वारू आला!" नामाभाऊ म्हणाले, अगदी माझ्याच सुरात. तिच्या पुढची, तिच्याही पुढची, प्रत्येक घोडी वारू झाली. मग भेळवाल्याच्या मागे बांधलेलं गाढव वारू झालं. पाण्याचा टँकर वारू झाला. हरवलेली शेळी, पोलिसांची जीप, माझा जनरेटर. "जनरेटर नावाचा वारू धूर टाकतोय मंडळी, त्याला जरा डिझेल पाजा!" यात्रा नुसती लोटपोट. दुपारपर्यंत पोरं एकमेकांना वारू म्हणून हाका मारायला लागली, रसवंतीवाला बैलाला वारू म्हणायला लागला. मला वाटलं भाऊ आज काय रंगात आलेत. मी आवाज वाढवून दिला.

आप्पा आधी टाळ्या देत होते. मग नुसते हसत होते. मग जीपमध्ये जाऊन बसले. त्यांचा माणूस मचाणाखाली आला. "आप्पा म्हणत्यात, जरा आवरा आता."

"का बरं?" नामाभाऊंनी माइकवर हात ठेवून खाली वाकून विचारलं. "आप्पांपासनं चालू झालाय मान. समद्यांना मिळू दे की."

माणूस गेला. यावर आप्पा काय बोलणार? त्यांना दिलेलं कुणी काढून घेतलं नव्हतं. फक्त आता ते गाढवाकडेही होतं. माझ्या डोक्यात हे शिरलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी बाजूला पाहिलं. माइक तोंडाशी होता, खाली यात्रा हसत होती, आणि नामाभाऊंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ फार होती, हे मी आधी सांगितलंच आहे.

शिडी लागली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. मी त्यांना घरी सोडायला गेलो. हौसावहिनी वांग्यांना पाणी देत होत्या.

"इथवर ऐकू येत व्हतं समदं," त्या म्हणाल्या. "गाढवाला बी?"

"गाढवाला बी."

"मग आता तुमच्यापाशी काय राहिलं?"

"पाणी," नामाभाऊ म्हणाले आणि पाटात वाकून तोंड धुवायला लागले.

व्हॉल्व्हला पुन्हा कधी गंज धरला नाही. आप्पांनी परत तो विषय काढला नाही. नामाभाऊ पुढेही पुकारत राहिले, पण तो शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. एखादी घोडी खरंच त्या तोडीची पळाली तर म्हणायचे, "छान. पुढची बारी." मग शर्यतींवर बंदी आली, उठली, पुन्हा आली. घाटात गवत वाढलं. माझे कर्णे लग्नांना जायला लागले आणि त्यांच्याबरोबर नामाभाऊही. नदीपलीकडे पोचणारा तो आवाज आता सांगायचा, "दुसरी पंगत बसून घ्या. भाजीवाले, कोपऱ्यात या." आठवडाभर पुन्हा काटा आणि क्रेट.

नामाभाऊ मला शेवटचे आठवतात ते आणे गावच्या पठारावर. लग्न उरकून टेम्पोतून परत येत होतो. चढावर टेम्पो तापला, मी बॉनेट उघडून वाफ बघत उभा राहिलो. पलीकडे पडीक रानात मेंढरांचा वाडा, धनगरांचा फिरता तळ, उतरला होता. धनगराची बिऱ्हाड वाहणारी घोडी चरत होती आणि तिचं तांबडं शिंगरू, तोंडाला अजून दोरी न लागलेलं, आपलं आपण पळत होतं. कुणी हाकलत नव्हतं, पुढे काही नव्हतं, मागे काही नव्हतं. दगडाचा बांध आला तर बांधावरून, मेंढरं आली तर मेंढरांना वळसा घालून, आणि कड्याच्या अगदी टोकाला जाऊन ते थांबलं. वाऱ्यात आयाळ उभी. पाठीची कातडी थरथरत होती.

नामाभाऊ टेम्पोतून कधी उतरले मला कळलं नाही. जन्मभर घोड्यापासून पाय वर घेणारा माणूस त्या शिंगराच्या दिशेने चालत गेला, आणि शिंगरू कड्यावरून वळून त्याच्याकडे आलं. शिंगराने मफलर हुंगला. नामाभाऊ हलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मेंढरांतून धनगर हसत आला.

"काय पावणं, कसं हाय शिंगरू?"

नामाभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं. "चांगलं हाय," ते म्हणाले.

शिंगरू पुन्हा उधळलं. मला राहवेना. मी जवळ जाऊन म्हणालो, "भाऊ, इथं आप्पा नाहीत, कर्णे नाहीत, कुणी नाही. म्हणा की एकदा."

त्यांनी मान हलवली. नजर त्या तांबड्या ठिपक्यावरून काढली नाही.

"मग मी म्हणतो," मी म्हणालो.

तेव्हा मात्र ते वळले. "तू गप ऱ्हा," नामाभाऊ म्हणाले. "तुज्या तोंडात ग्येलं की त्याचं तट्टू व्हतंय."